इलेक्ट्रिक स्कूटरच्या साडी गार्डचे वेगळे पैसे कसले घेता?

"सर, ॲक्सेसरीज किट कंपल्सरी आहे."

कोणी केलं कंपल्सरी? कुठल्या कायद्यात लिहिलंय? असं विचारलं की काउंटरवरचा पोरगा मॅनेजरकडे बघतो, आणि मॅनेजर मान वर न करता सांगतो, "सगळेच घेतात सर. किटशिवाय बिलिंग होत नाही."

धाकट्या बहिणीसाठी इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची आहे. आमच्या घरातली ही पहिलीच, त्यामुळे काय लागतं आणि काय नाही हे नीट समजून घ्यावं म्हणून पुण्यात शोरूम पालथी घातली. गाडीबद्दल सगळे भरभरून बोलतात. कोटेशन हातात आलं की मात्र डोक्यात तिडीक जाते. एक्स-शोरूम किंमत, विमा, पासिंग, आणि मग एकाच ओळीत 'ॲक्सेसरीज'. पुढे हजारांतला एकच आकडा. त्यात काय काय आहे, कुठली वस्तू केवढ्याला, काही फोड नाही. खोदून खोदून विचारल्यावर काउंटरवरच्या पोराने लॅमिनेट केलेला कागद काढला : क्रॅश गार्ड, साडी गार्ड, मागचं हँडल, फूटरेस्ट, मॅट, बॉडी कव्हर, हेल्मेट, सीट कव्हर. वर बहिणीकडे न बघता मला म्हणतो, "मॅडमना साडी गार्ड तर लागेलच ना." अहो, गाडी ती चालवणार आहे, पैसे ती भरणार आहे, तिला विचारा!

आणि साडी गार्डचे पैसे कसले? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 123 काढून वाचा. मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या दुचाकीला धरायला पक्कं हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवंच. साडी, ओढणी चाकात जाऊ नये म्हणूनच हा नियम आहे. म्हणजे या तिन्ही गोष्टी गाडीचाच भाग आहेत. हेल्मेटचंही तेच. नवी दुचाकी विकताना बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, मानकाचं हेल्मेट पुरवायची जबाबदारी नियम 138 ने उत्पादकावर टाकलीय. आणि इथे या चारही वस्तू 'एक्स्ट्रा' म्हणून पुन्हा आमच्या गळ्यात मारतात. ते हेल्मेट मी हातात घेऊन पाहिलं. आत थर्माकोलचा पातळ थर, पट्ट्याचं बकल ओढलं तर निसटत होतं, आणि आयएसआयचा शिक्का शोधूनही सापडला नाही. हे घालून माझ्या बहिणीने सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये जायचं?

हा खेळ खालपासून वरपर्यंत चालतो. फेम-2 या केंद्र सरकारच्या योजनेतलं इलेक्ट्रिक दुचाकींचं अनुदान दीड लाखाच्या आतल्या एक्स-फॅक्टरी (कारखान्यातून निघतानाच्या) किमतीच्या गाड्यांनाच होतं, तेव्हा किंमत त्या मर्यादेत दिसावी म्हणून कंपन्यांनी चार्जरच वेगळा काढून विकला. चार्जर! ज्याच्याशिवाय गाडी जागची हलत नाही, तो म्हणे ॲक्सेसरी. 2023 मध्ये सरकारने कान पिळल्यावर ओला, एथर, टीव्हीएस आणि हिरो यांनी ग्राहकांना ते पैसे परत द्यायचं मान्य केलं. म्हणून कोटेशन घेताना पहिला प्रश्न हाच विचारा : चार्जर किमतीत धरलाय का?

दुसऱ्या एका शोरूममध्ये तर फॉग लॅम्प आणि मोठा हॉर्न घ्या म्हणून मागे लागले. "आमचा माणूस दहा मिनिटांत बसवून देतो." बसवतो कसा? मूळ वायर कापून, जोड मारून, वर काळी टेप गुंडाळून. इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये दिवे, हॉर्न, डिस्प्ले यांना 12 व्होल्टचा पुरवठा मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टरमार्फत येतो. त्यावर वाटेल तो लोड चढवला, जोडात पावसाचं पाणी गेलं आणि बिघाड झाला, की सर्व्हिस सेंटरवाला तीच टेप दाखवून वॉरंटी नाकारणार. बसवणारे तुम्हीच आणि हात वर करणारेही तुम्हीच!

मला सगळ्यात जास्त संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. इलेक्ट्रिक गाडीला खरोखर जे लागतं, त्याबद्दल एकाही शोरूममध्ये कोणी चकार शब्द काढला नाही. पार्किंगमध्ये 16 अँपिअरचा सॉकेट आहे का, त्याला जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) आहे का, अर्थिंग तपासलंय का, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलाय का, मीटर कुणाचा? हे आपण होऊन सांगायला नको? पहिल्यांदा इलेक्ट्रिक घेणाऱ्याला हे कसं कळणार? आमच्याच सोसायटीत एक स्कूटर रोज टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डावर चार्ज होते. त्या बोर्डाची भोकं पिवळी पडून कडेने वितळलीत, हात लावला तर चटका बसतो. त्या माणसाला शोरूमने सीट कव्हर विकलं, मॅट विकली, गाडीवर घालायला कव्हर विकलं. वायरमन बोलावून घ्या, एवढं एक वाक्य सांगायला काय जात होतं? त्यात कमिशन नाही, एवढंच ना?

एक वस्तू हवी असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे, ही अट 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'प्रतिबंधक व्यापारी प्रथा' ठरते. 'कंपल्सरी' म्हणतात ना, मग तेच कोटेशनवर लिहून, सही-शिक्का मारून मागा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. मी लेखी मागितलं तर मॅनेजर आत गेला, बराच वेळ आलाच नाही, आणि आला तो नवीन कोटेशन घेऊन. किट गायब! मघाशी ज्याच्याशिवाय बिलिंग होत नव्हतं, ते किट गायब. त्याच्या जागी नवी ओळ : 'हँडलिंग चार्जेस'. रक्कम जवळपास तेवढीच.

गाडी अजून घेतलेली नाही. ती ओळ खोडल्याशिवाय एक रुपया देणार नाही.