ज्याला फक्त बोलायचंय, त्याने काय करायचं?

आज संध्याकाळी स्क्रीनगार्ड बदलायला धायरी फाट्याजवळच्या एका मोबाइलच्या दुकानात गेले होते. माझ्या पुढे एक आजोबा उभे होते. हातात बहुतेक मुलाने किंवा सुनेने दिलेला जुना स्मार्टफोन, कोपऱ्यात काच तडकलेली, त्याला दोन फेरे मारून रबर लावलेलं. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून शंभराच्या तीन नोटा काढल्या आणि म्हणाले, "बाळा, फक्त बोलायचा रिचार्ज मार. नेट नको."

पोराने मान वर न करता सांगितलं, "तसला प्लॅन नसतो आता आजोबा. 299 चा मारतो. रोजचं नेट फ्री आहे त्यात."

फ्री! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सहसा दुकानात मध्ये बोलत नाही, पण आज बोलले. म्हटलं, आहे तसला प्लॅन, खाली जा, अजून खाली जा. त्याने स्क्रीनवर बोट फिरवत फिरवत नेलं आणि सगळ्यात तळाला सापडला तो. कितीही बोला, थोडे एसएमएस, नेट शून्य. 84 दिवस. किंमत साडेचारशेच्या पुढे.

आजोबांनी आपल्या हातातल्या तीन नोटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाले, "एवढे नाहीत गं ताई आत्ता."

शेवटी 199 चा, 28 दिवसांचा मारून घेतला त्यांनी. त्यातही नेट आहेच, 2 जीबी. उरलेली शंभराची नोट आणि वर एक रुपया नीट घडी करून परत आतल्या खिशात ठेवला. मी स्क्रीनगार्ड न बदलताच घरी आले. तेव्हापासून हे लिहायचं चाललंय, आणि लिहिताना मला आजोबांपेक्षा माझी आईच जास्त आठवते आहे.

आई आजरा तालुक्यात, गावी एकटी असते. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. रोजच्या चौकोनात दुधाचा हिशोब, 'अर्धा', 'एक', पाहुणे आले तर 'दीड'. त्याच कॅलेंडरवर लाल पेनाने एखाद्या तारखेभोवती गोल असतो. तो रिचार्जचा. रिचार्ज मीच करते इथून, पण दोन दिवस आधी तिचा फोन येतो, "तुझं कामात लक्ष नसंल म्हणून आठवण केली." या गणपतीत गेले होते तेव्हा ती मला कॅलेंडर दाखवत म्हणाली, "हे बघ, दुधाचा महिना पहिल्या तारखेला संपतो. फोनचा महिना दरवेळी मागं मागं का सरकतोय? फक्त फेब्रुवारीत दोघं बरोबर चालतात."

सातवी शिकलेल्या बाईने लाल पेनाने शोधून काढलं ते. 28 दिवसांचा महिना. 28 गुणिले 13, म्हणजे 364. बारा महिन्यांच्या वर्षात तेरा रिचार्ज. आपण पदव्या घेतलेले लोक वर्षानुवर्षं ते भरत आलो आणि कॅलेंडरकडे एकदाही बघितलं नाही.

ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, जानेवारी 2022 मध्ये कंपन्यांना सांगितलंय की 30 दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला भरता येईल असा, निदान एकेक तरी प्लॅन ठेवायलाच हवा. ते प्लॅन आहेत. विचारा दुकानात. पण विचारल्याशिवाय कोण दाखवतो?

बरं, खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही. त्याच भेटीत मी तिचा फोन हातात घेतला. माझाच जुना फोन तो. आधी भाच्याने अमेरिकेतून एक आणून दिला होता, पण तो तिकडच्या कंपनीला बांधलेला, आपलं सिम घातलं तर घेईना. तिकडे हप्त्यावर घेतलेल्या फोनचं असं होतं, हप्ते फिटून कंपनीने कुलूप काढेपर्यंत दुसरं सिम चालत नाही. मग मी माझा दिला. आपल्याकडे दुकानातून रोख घेतलेला फोन मोकळा असतो, कुठलंही सिम घाला, दोन दोन घाला. तर त्या मोकळ्या फोनवर नेट बंद होतं. म्हटलं, आई, हे कधीपासून बंद आहे? म्हणाली, "मी चालूच करत नाही. चालू राहिलं की पैसे कापतात."

मी गप्प बसले. कारण पूर्वी खरंच कापले होते. साध्या फोनच्या काळात, न मागितलेली कुठलीतरी गाण्याची सेवा सुरू झाली आणि बाबांनी भरलेला बॅलन्स दोन दिवसांत संपला होता. कंपनीचं नाव घेत नाही, आता तो नंबर त्या कंपनीत नाहीही. पण आईच्या मनात ते राहिलं. आणि इकडे मी, तिची हुशार मुलगी, तिच्यासाठी रोज एक जीबीचा 299 चा प्लॅन भरत होते. जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यापासून 299, त्याआधी थोडा कमी. 13 गुणिले 299 म्हणजे वर्षाला 3887 रुपये. ती नेट बंद ठेवून ते पैसे वाचवत होती आणि मी ते पैसे भरत होते.

मी तो प्लॅन का निवडला होता माहीत आहे? ॲपमध्ये सगळ्यात वर होता म्हणून. दुसरं काही कारण नाही. दुकानातल्या पोराने आज जे केलं, तेच मी सव्वा वर्ष घरबसल्या केलं. त्यामुळे त्याच्यावरचा माझा राग हे लिहिता लिहिता निवळला आहे. त्याच्याकडे दिवसभर रांग असते, स्क्रीनवर जे वर येतं ते तो विकतो. पण जे त्या यादीत वर काय आणि तळाला काय हे ठरवतात, त्यांच्यावरचा राग काही निवळत नाही.

कारण हे 'फक्त बोलायचे' प्लॅन कंपन्यांनी आपण होऊन आणलेले नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने नियम केला की नुसतं बोलणं आणि एसएमएस एवढाच एक प्लॅन द्यावाच लागेल, आणि अशा प्लॅनची मुदत 90 दिवसांवरून 365 दिवसांपर्यंत नेता येईल. मग जानेवारी 2025 मध्ये ते आले. एअरटेलचा 469 ला 84 दिवस आणि 1849 ला 365 दिवस. जिओचा 448 ला 84 दिवस आणि 1748 ला 336 दिवस. हा 336 चा आकडा बघून ठेवा. वर्षाचा म्हणून घ्याल, तर ते 28 दिवसांचे बारा महिने आहेत, खरं वर्ष 29 दिवसांनी पुढे संपतं. आकडे बदलत राहतात, भरायच्या दिवशी परत बघा.

आता हिशोब करा. 1849 ला 365 म्हणजे दिवसाला पाच रुपये आणि काही पैसे. 469 ला 84 म्हणजे साडेपाचच्या थोडं वर. आणि आज आजोबांनी 199 ला 28 दिवस घेतले, ते दिवसाला सात रुपयांच्या वर गेले. ज्याच्या खिशात 1849 आहेत त्याला बोलणं पाच रुपयांना, आणि ज्याच्या खिशात तीनशे आहेत त्याला सात रुपयांना. हे कुठल्या न्यायात बसतं? नेट नको म्हणणारा माणूस बहुतेक वेळा एकरकमी पैसे नसणाराच असतो. त्याच्यासाठी एका महिन्याचा, नुसता बोलायचा प्लॅन का नाही? शंभर-सव्वाशेचा? या दोन कंपन्यांनी नियमाची अक्षरं पाळली, पण आजोबांच्या तीन नोटांत बसेल असं काही ठेवलं नाही. मला याचा मनापासून संताप आहे.

हो, मान्य, नेट आपल्याकडे जगाच्या मानाने स्वस्त आहे. 2016 च्या आधी एक जीबी महिनाभर पुरवून वापरायचो आपण, मीही वापरलंय. मनोरे उभारायला, चालवायला पैसा लागतो, तेही मान्य. पण स्वस्त जेवणाचं ताट असलं म्हणून फक्त चहा प्यायला आलेल्या माणसाच्या गळ्यात ते घालायचं का?

आमच्या बाबांना हे सगळं बघवलं नसतं. त्यांनी 2006 च्या सुमाराला 999 रुपये मोजून लाइफटाइम कार्ड घेतलं होतं. आईच्याच नावावर. कधीच रिचार्ज केलं नाही तरी इनकमिंग चालू राहणार, असं सांगितलं होतं तेव्हा. गावात मिरवले होते ते. मग 2018 च्या शेवटाला दर 28 दिवसांनी निदान 35 रुपये भरा, नाहीतर सेवा बंद, असा मेसेज आला. बाबांनी तो मेसेज चष्मा लावून तीनदा वाचला आणि फोन खाली ठेवला. काही बोलले नाहीत. त्या 35 चे आज किती झालेत ते वर लिहिलंच आहे.

तो नंबर अजून तोच आहे. सगळ्या भावकीला पाठ. बँकेत तोच, गॅसला तोच, आईच्या फॅमिली पेन्शनला तोच. नोव्हेंबरात हयातीचा दाखला ऑनलाइन काढायचा तर ओटीपी त्यावरच येतो. म्हणून मला कुणी "काकूंना नवीन सिम घेऊन टाक ना, ऑफर आहे" असं सांगितलं की राग येतो. म्हाताऱ्या माणसाचा नंबर बदलणं म्हणजे त्याला निम्म्या जगातून उठवणं आहे.

नंबर न बदलता कंपनी बदलता येते, 2011 पासून येते. आम्हीही केली. 'PORT' असं इंग्रजीत कॅपिटल अक्षरांत लिहून, जागा सोडून आपला नंबर, आणि 1900 ला पाठवायचं. त्याच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या त्याच विभागात असाल तर तीन कामाचे दिवस. त्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत. आणि एक महत्त्वाचं, जुन्या कंपनीतला उरलेला बॅलन्स आणि उरलेले दिवस बरोबर येत नाहीत, म्हणून प्लॅन संपत आला की पोर्ट करा, भरल्या भरल्या नको.

पण त्याही आधी रेंज बघा. मी पुण्यात बसून आईसाठी जो स्वस्तातला स्वस्त शोधला होता, त्याची रेंज आमच्या घरात फक्त परसात, विहिरीजवळ यायची. ती पावसात डोक्यावर इरलं घेऊन माझ्याशी बोलायला विहिरीपाशी जायची आणि मला महिनाभर सांगितलं नाही. शेजारच्या वहिनींनी सांगितलं. आई-वडिलांच्या घरात, ते जिथे झोपतात तिथे उभं राहून कुणाच्या किती कांड्या दिसतात ते बघा, शेजारी काय वापरतात ते विचारा, आणि मग दर बघा. हे इथून ॲपवर बसून होत नाही.

आणि त्यांनाच विचारा की तू फोनवर काय करतेस. मी हे विचारलंच नव्हतं. मला वाटायचं नातवाचे फोटो बघत असेल, भजनं ऐकत असेल. करणारे करतातही, माझी मावशी दिवसभर भजनं लावते, तिला रोजचा एक जीबी कमीच पडतो. तिला नेटचाच प्लॅन हवा. पण माझी आई सकाळी सातला मला, दुपारी धाकट्या मावशीला आणि संध्याकाळी माहेरी भावाला फोन करते, आणि उरलेल्या वेळात फोन फडताळात ठेवते. इतकं साधं उत्तर होतं.

गणपतीतून परत आल्यावर मी ठरवलं होतं की पुढच्या वेळी प्लॅन बदलायचा. आणि परत दोनदा सवयीने 299 मारला. आज आजोबांनी ती एक नोट घडी करून ठेवताना मला स्वतःची शरम वाटली. माझ्याकडे 1849 एकदम भरायला आहेत. तुमच्याकडेही आहेत, ही पोस्ट वाचणाऱ्या बहुतेकांकडे आहेत. आपल्यासाठी तरी तो स्वस्त दर उघडा आहे, मग आई-वडिलांना, घरी कामाला येणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनकाकांना विचारून वर्षाचा एकदम भरून द्यायला काय हरकत आहे? त्यांना महिन्याला दीडशेच्या आसपास परत द्यायचे असतील तर देऊ देत. आमच्याकडे येणाऱ्या मावशींशी मी उद्याच बोलणार आहे. ते आजोबा कुठे राहतात मला माहीत नाही. दुकानदाराला विचारून ठेवायला हवं होतं, सुचलं नाही.

घरी आल्यावर पहिलं काम आईचा रिचार्ज केला. 365 दिवसांचा, नुसता बोलायचा. मग फोन केला. म्हटलं, आता नेट चुकून चालू करायची भीती नाही, आणि वर्षभर आठवण करायला फोन करू नकोस.

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मग लाल गोल कुठं काढू? पुढच्या वर्षीचं कॅलेंडर अजून आलं नाही." आणि लगेच, "तरी दोन दिवस आधी फोन करीनच मी. आणि दुधाचं काय, ते दर महिन्याला आहेच."