जेबीएल २४४१ च्या जोडीबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमची तक्रार आधी थोडक्यात मांडतो. वडिलांच्या साउंड सर्व्हिसमधली जेबीएल २४४१ ची, म्हणजे हॉर्नच्या मागे बसून आवाज काढणाऱ्या ड्रायव्हर युनिटांची, जोडी तुम्ही आमच्याकडे दिलीत. आम्ही ती दीड महिना ठेवली, डायफ्राम (थरथरून आवाज काढणारा पातळ पडदा) एकाच युनिटचा बदलला, मॅग्नेट उघडला नाही, रंग दिला नाही, मजुरी मात्र दोन्हींची घेतली. आणि आवाज पूर्वीसारखा चढत नाही.

मॅग्नेट उघडला नाही हे बरोबर आहे, आणि तुम्ही कितीही आग्रह केला असता तरी उघडला नसता. २४४१ चा मॅग्नेट अल्निकोचा, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचा आहे. तो पोल पीस (मधला लोखंडी गाभा) आणि वरच्या लोखंडी प्लेटमध्ये बंदिस्त असतो तोवर त्याची ताकद वर्षानुवर्षं टिकते. पण प्लेट सुटी करून चुंबकीय वाट तोडली की अल्निको लगेच उतरतो, आणि सगळं परत जसंच्या तसं बसवलं तरी गेलेली ताकद आपोआप येत नाही. पुन्हा चार्ज करायला मोठं मॅग्नेटायझर लागतं. अशी ‘साफ करून दिलेली’ अल्निकोची युनिटं आमच्याकडे येतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण तोपर्यंत इलाज महागडा झालेला असतो. मागचं झाकण काढून डायफ्राम उचलला तर मॅग्नेटला काही होत नाही. तुमची दोन्ही युनिटं आम्ही तशीच उघडली. डायफ्राम बाहेर असताना गॅपमध्ये, म्हणजे डायफ्रामला चिकटलेली तारेची कॉइल जिथे हलते त्या फटीत, गॉसमीटरची (चुंबकाची ताकद मोजणाऱ्या यंत्राची) पातळ पट्टी घालून तपासलं, दोन्ही मॅग्नेट बरोबरीचे आहेत. हे आकडे बिलाच्या मागे लिहून दिले आहेत.

आता मजुरीचं. एक युनिट २०१९ च्या पुरात खालच्या कप्प्यात होतं, हे तुम्हीच सांगितलं होतं. कृष्णेचा तो बारीक गाळ हॉर्नच्या तोंडाकडून, जाळीतून, डायफ्रामसमोर बसणाऱ्या फेज प्लगच्या फटींपर्यंत गेला होता. डायफ्रामच्या सगळ्या भागांतून निघालेला आवाज एकाच वेळी तोंडाशी पोचावा म्हणून त्या गोल फटी असतात. त्या बुजल्या की वरचा आवाज दबतो. शिवाय पोल पीसवर गंज फुगला होता. कॉइल आणि गॅपची भिंत यांच्यात मिलिमीटरच्या काही अंशांची जागा असते, तिथे गंजाचा एक कण राहिला तरी कॉइल घासते. हवा मारून तो निघत नाही, कारण चुंबक त्याला सोडतच नाही. कडक पट्टीला चिकट टेप लावून तो हातानं उचलावा लागतो, टेप कोरी निघेपर्यंत. दुसरं युनिट पुरातून वाचलेलं, पण मागच्या झाकणातला फोम सडून त्याचा चिकट चुरा डायफ्रामच्या पाठीवर पडला होता. तो काढला, दोन्ही झाकणांत नवा फोम बसवला, डायफ्राम सेंटर केले आणि कमी व्होल्टेजवर खालपासून वरपर्यंत टोन फिरवून कुठे घासतंय का ते ऐकलं. मजुरी दोन्ही युनिटांची आहे ती यासाठी.

पुरातल्या युनिटचा ॲल्युमिनियमचा डायफ्राम खड्डे पडून पांढरा झाला होता, म्हणून बदलला. जुना डब्यात घालून तुम्हाला परत दिला आहे. दुसरा शाबूत होता, त्याच्या कडेची हिऱ्यासारखी नक्षी कुठेही चिरलेली नव्हती. मिरजेच्या कारागिराकडे जुना तंबोरा दिला तर तो जवारी लावून देतो, चांगला भोपळा फेकत नाही. आम्हीही तेच केलं. बाजारात बसणारा टायटॅनियमचा डायफ्राम लगेच मिळाला असता. तो मार जास्त सोसतो, पण वरच्या पट्टीत त्याचा आवाज वेगळा पडतो आणि जोडी जोडी राहत नाही. म्हणून ॲल्युमिनियमच्याच डायफ्रामची वाट पाहिली. दीड महिन्यातला बहुतेक वेळ त्यात गेला, आणि तेव्हा तुम्हाला फोनवर विचारूनच थांबलो होतो.

रंगाबद्दल: गंज काढायला ग्राइंडर फिरवला की लोखंडाचा भुगा उडतो, आणि एवढ्या ताकदीच्या चुंबकाजवळ तो कुठे जाऊन बसणार हे सांगायला नको. बाहेरचा डाग राहिला तरी आवाजाला बाधा येत नाही. १९५४ च्या जेबीएल ३७५ या युनिटापासून चालत आलेली ही चार इंची कॉइलची युनिटं आहेत, नवी आता बनत नाहीत. त्यांच्यावर देखाव्यासाठी जोखीम घेणं मला पटत नाही.

राहिला आवाज. आमच्याकडे एकाच अँप्लिफायरवर आणि एकाच हॉर्नवर दोन्ही आलटून पालटून वाजवली तेव्हा ती सारखी होती, तुम्हीही समोर होता. त्यामुळे मला शंका तुमच्या अँप्लिफायर वगैरेच्या नव्या रॅकची आहे. क्रॉसओव्हर (खालचा आणि वरचा आवाज वेगळा करून ज्या त्या युनिटाला देणारा भाग) ५०० हर्ट्झच्या खाली लावलेला असेल तर आधी तो ८०० वर घ्या, नाहीतर नवा डायफ्रामही फाटेल. एका बाजूची वायर उलटी जोडली गेली असेल तरी दोन्ही मिळून आवाज पोकळ लागतो.

सांगलीत असाल त्या दिवशी दोन्ही युनिटं, क्रॉसओव्हर आणि अँप्लिफायर घेऊन दुकानात या. तुमच्यासमोर सगळं जोडून तपासू, त्याचे पैसे नाहीत. तोवर कुणी मॅग्नेट खोलून बघतो म्हणालं तर कृपा करून देऊ नका.