बजेट नाही तर सायफाय नाही म्हणे!

ताईने फॅमिली ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला, 'सायफाय मालिका पन्नास-साठ वर्षं का चालते, पाच सिक्रेट्स'. तुमच्याकडेही आला असेलच. मी नेहमीसारखं दुर्लक्ष केलं असतं, पण माझा भाचा गेले दोन महिने मित्रांबरोबर शूट करायला एक छोटी सायफाय स्क्रिप्ट लिहीत होता, एक बंद पडलेलं यान, दोन माणसं आणि न उघडणारा एक दरवाजा, बस. व्हिडिओ बघून पठ्ठ्या म्हणतो, "मामा, सोडून दिलं. आपल्याकडे कुठे आहेत व्हीएफएक्सचे पैसे?" म्हणून हा सगळा खटाटोप.

तर सिक्रेट नंबर एक, तगडं बजेट. साफ चूक. स्टार ट्रेक या 1960 च्या दशकातल्या अमेरिकन अंतराळ-मालिकेतला ट्रान्सपोर्टर आठवा, माणूस चमचम करत इथून गायब आणि तिथे हजर. तो का आला? दर आठवड्याला एवढं मोठं यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं म्हणून. हे माझं डोकं नाही, 1968 मध्ये, म्हणजे मालिका चालू असतानाच, 'द मेकिंग ऑफ स्टार ट्रेक' नावाचं पुस्तक आलं, स्टीफन व्हिटफिल्ड आणि मालिकेचा कर्ता जीन रॉडनबेरी यांच्या नावावर, त्यात सरळ दिलंय की पैसे नव्हते म्हणून ही शक्कल लढवावी लागली. आणि ती चमचम म्हणजे काय तर काळ्या पार्श्वभूमीवर ॲल्युमिनियमची पूड सोडायची, तिच्यावर प्रकाश मारायचा आणि शूट करायचं. पूड! शिवाय पैसे वाचले ते वेगळेच, गोष्टीतही यान उतरवण्यात वेळ गेला नाही, माणसं थेट संकटात.

डॉक्टर हू ही ब्रिटिश मालिका, तिचा हीरो 'डॉक्टर' म्हणजे काळात फिरणारा एक परग्रहवासी. तिचा 2007 चा 'ब्लिंक' हा एपिसोड घ्या. त्या एपिसोडला हीरो जवळजवळ मोकळाच नव्हता, दुसरं शूटिंग चालू होतं, म्हणून त्याला थोडंसंच आणि तेही बरंचसं डीव्हीडीवरच्या रेकॉर्डिंगमध्ये दाखवलं. राक्षस कोण, तर दगडी पुतळे. तुम्ही बघताय तोवर हलत नाहीत, पापणी लवली की जवळ आलेले. हलताना कधी दिसतच नाहीत, म्हणजे हलवायचा खर्चही नाही! मी तो रात्री एकट्याने बघितला आणि नंतर पाणी प्यायला उठलो नाही. सायफायसाठी मानाचा समजला जाणारा ह्यूगो पुरस्कार 2008 ला त्यालाच मिळाला. उलट 1978 ची बॅटलस्टार गॅलक्टिका त्या काळातल्या सगळ्यात महागड्या मालिकांपैकी एक, एका सीझनमध्ये बंद.

नंबर दोन, हीरो बदलला की मालिका संपली. हे ऐकून हसू की रडू कळेना. डॉक्टर हू सुरू झाली 1963 ला, 1966 ला विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना, तर त्यांनी डॉक्टरचं अख्खं शरीरच बदललं आणि पॅट्रिक ट्राउटनला उभा केला. ही युक्ती नसती तर मालिका तिथेच आटोपली असती. व्हिडिओत मागे डॉक्टर हूचेच फोटो लावलेत हो, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांचे!

नंबर तीन, सगळं आधीपासून प्लॅन केलेलं असतं. कुठलं काय. ज्या डालेकांनी, म्हणजे धातूच्या कवचातल्या परग्रहवासी राक्षसांनी, डॉक्टर हूला घराघरात पोचवलं, तसले राक्षस नकोत असं बीबीसीच्या नाट्यविभागाचा प्रमुख सिडनी न्यूमनने आधीच बजावलं होतं, आणि पहिल्याच गोष्टीच्या शेवटी ते मरतातही. लोकांना आवडले म्हणून 1964 ला परत आणले.

नंबर चार, जुन्या मालिकांत राजकारण नव्हतं. 1969 चा स्टार ट्रेकचा एक एपिसोड बघा, अर्धा चेहरा काळा अर्धा पांढरा असलेली दोन माणसं, कुठली बाजू काळी एवढ्यावरून एकमेकांच्या जिवावर उठलेली. पुढे.

नंबर पाच, फॅन्सनी वाचवलं. हे, मान्य करायला जिवावर येतंय पण, अर्धं खरं आहे. 1968 ला स्टार ट्रेक बंद होणार म्हणताना फॅन्सनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरा सीझन मिळाला. पण मिळाला तो शुक्रवारी रात्री दहाचा, जेव्हा तरुण पब्लिक घरी नसतं, आणि हात आखडून दिलेल्या पैशांत. 1969 ला गाशा गुंडाळलाच. खरी जान आली ती पुढे, 79 एपिसोड गावोगावच्या टीव्ही स्टेशनांना विकले गेले आणि तिथे ते पुन्हा पुन्हा लागायला लागले तेव्हा. कुठूनही बघायला बसलात तरी कळतं, कारण दर वेळी नवीन ग्रह, नवीन भानगड आणि तीच ओळखीची माणसं. असा साचा असला की लेखकही बदलता येतात, हीरोही आणि पुढे अख्खं यानसुद्धा. व्हिडिओत याच्यावर एक अक्षर नाही.

भाच्याला काल 'ब्लिंक' लावून दिला. अर्ध्यात पॉज करून विचारतो, "मामा, आपला दरवाजा शेवटपर्यंत उघडलाच नाही तर?" आता ताई, तो व्हिडिओ ज्यांना ज्यांना पाठवलास, त्यांना हेही पाठव.