वाफवलेलं म्हणजे आजाऱ्याचं जेवण नव्हे

‘वाफवलेलं’ म्हटलं की चेहरे पडतात. पथ्याचं, अळणी, दवाखान्यातलं. दोन वर्षांपूर्वी बाबांचं कोलेस्टेरॉल वाढलं, डॉक्टरांनी तळकट बंद करायला सांगितलं आणि मी रात्रीचं चिकन आणि भाज्या वाफवायला लागलो. पहिल्या दिवशी सगळं एकाच चाळणीत एकदम घातलं आणि २५ मिनिटं झाकण ठेवून दिलं. चिकनचा चोथा झाला, ब्रोकोली शेवाळी पडली, गाजर तेवढं बरं होतं. बाबांनी ताटातलं सगळं संपवलं, पाणी प्यायले आणि काही न बोलता उठले. ते न बोलणं मला फार लागलं. आयुष्यभर चवीने जेवलेल्या माणसाला मी औषध वाढलं होतं.

तेव्हापासून आठवड्यातून तीन-चारदा हेच करतोय आणि आता ठामपणे सांगतो: वाफेत काही खोट नाही. आपण तिच्याकडे लक्ष देत नाही. फोडणी करताना कढईपाशी उभे राहतो, वाफवायला ठेवलं की मात्र खुशाल दुसऱ्या खोलीत जातो. वाफेचा जोर किती असतो ते बघा. एक ग्रॅम पाणी ० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी उष्णता लागते, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४०. ती वाफ गार तुकड्यावर बसून परत पाणी झाली की ही सगळी उष्णता त्या तुकड्याला मिळते. म्हणून फरसबी पाच-सहा मिनिटांत होते. वाफेचा चटका इतका वाईट का, त्याचंही कारण हेच. झाकण उघडताना पलीकडची कड आधी उचला, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही.

आता वेळेचं. पाणी खळखळून उकळल्यावरच चाळणी ठेवायची, गार पाण्यावर ठेवून गॅस लावायचा नाही. आधी चिकन: अंगठ्याएवढ्या जाडीचे, हाड नसलेले तुकडे, एका थरात, खोलगट ताटलीत. त्यांना १० ते १२ मिनिटं लागतात. गाजराच्या चकत्या चिकननंतर तीन-चार मिनिटांनी, फरसबी अर्ध्या वेळेनंतर, ब्रोकोली शेवटची चार मिनिटं आणि पालक अगदी शेवटी, मिनिटभर. भाज्यांची चाळणी नेहमी वर, कच्चं मांस खाली, म्हणजे मांसाचं पाणी भाजीवर गळत नाही. चिकन शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या आणि सगळ्यात जाड तुकड्याच्या मधोमध ७४ अंश दिसले की उतरवा. तो घेतल्यापासून माझं चिकन एकदाही चिवट झालेलं नाही, कारण ‘असू दे अजून पाच मिनिटं’ हा मोह सुटला.

चवीचं म्हणाल तर वाफेवर काहीही खरपूस होत नाही, हे खरंच आहे. तो तांबूस रंग आणि तो वास यायला १४० अंशांच्या आसपास उष्णता लागते, वाफ १०० च्या पुढे जात नाही. मग चव आधीच आत घालायला हवी. मीठ, ठेचलेलं आलं-लसूण, मिरपूड चोळून चिकन निदान अर्धा तास ठेवायचं. वरून भुरभुरवलेलं मीठ वरच राहतं. लिंबू मात्र भाज्यांवर ताटात वाढल्यावरच, कारण आंबट आणि उष्णता एकत्र आली की हिरवा रंग मरतो.

आणि तो रस! चिकन उतरवलं की ताटलीच्या तळाशी चार-पाच चमचे पाणी साचलेलं असतं. फिकट सोनेरी, वर चरबीचे बारीक गोल ठिपके, कडेला आल्याचे धागे. पहिले कितीतरी दिवस मी ते सिंकमध्ये ओतत होतो. अख्ख्या जेवणाची चव त्या चार चमच्यांत असते हो! आता ते छोट्या पातेल्यात घेतो, दोन उकळ्या काढतो, कापलेली कांद्याची पात घालतो आणि चिकन-भाज्यांवर ओततो. बाबा सगळ्यात आधी तेच मागतात.

‘तेल एक थेंबही नको’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मोठा चमचाभर तेल म्हणजे साधारण १२० किलोकॅलरी (आहाराच्या बोलण्यात यालाच ‘कॅलरी’ म्हणतात), त्यामुळे हात आखडता घ्यावा हे बरोबर. पण गाजरातलं कॅरोटिन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) अंगी लागायला थोडी स्निग्धता लागतेच. जेवणाऱ्या प्रत्येकामागे छोटा चमचा, तोही शेवटी वरून. वाफवण्याचा मोठा फायदा वेगळाच आहे: क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं. भाजी उकळून पाणी फेकलं की ते बरंचसं पाण्याबरोबर जातं, वाफेवर पुष्कळ टिकतं.

प्रत्येक मांस मात्र यात बसत नाही. चिकन, मासे, खिम्याचे गोळे उत्तम. मटणाच्या चिवट तुकड्यांना बराच वेळ मंद शिजणं लागतं, ते या पद्धतीने पंधरा-वीस मिनिटांत करायला जाऊ नका. आणि फ्लॉवर बाबांना वाफवलेला अजूनही आवडत नाही. तो मी तव्यावर थोड्या तेलात भाजून देतो.