शुगर-बीपीची गोळी समजावून द्यायला हवी

शुगर-बीपीचा पेशंट डॉक्टरांकडे तीन महिन्यांनी जातो. मेडिकलमध्ये तो दर महिन्याला येतो. पैशांची ओढाताण असेल तर दर आठवड्याला एकेक पाकीट न्यायला येतो. म्हणजे वर्षभरात त्याची सगळ्यात जास्त वेळा गाठ पडते ती फार्मासिस्टशी. आणि त्या भेटीत होतं काय? पाकीट काढलं, बिल केलं, "सकाळ-संध्याकाळ एकेक" म्हटलं, पुढचं गिऱ्हाईक. मी फार्मासिस्ट आहे, कोल्हापुरात पेठेतल्या मेडिकलमध्ये काउंटरवर उभी असते. न समजावता दिलेली गोळी म्हणजे अर्धवट केलेलं काम, असं माझं ठाम मत आहे आणि आज ते सविस्तर मांडते.

२०२३ साली आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा 'इंडियाब' नावाचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या अंदाजानुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांमध्ये शंभरात पस्तीसजणांना उच्च रक्तदाब. एवढ्या माणसांना समोर बसवून सगळं सांगायला डॉक्टरांना वेळ कुठून मिळणार? ओपीडीबाहेरची रांग आपण सगळ्यांनी बघितली आहे. डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. पण मग सांगायचं कुणी?

काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "बीपी आता नॉर्मल आलाय, म्हणून गोळी बंद केली." काका, गोळी चालू आहे म्हणून तो नॉर्मल आलाय! बंद केली की काही दिवसांत पुन्हा चढतो, आणि चढलेला कळतही नाही, कारण बीपी दुखत नाही. अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते. रॅमिप्रिल या बीपीच्याच दुसऱ्या गोळीने काहींना कोरडा खोकला लागतो आणि तो माणूस महिनोन् महिने खोकल्याची बाटली नेत राहतो. शुगरच्या मेटफॉर्मिनच्या काही गोळ्यांचं रिकामं कवच शौचातून तसंच बाहेर पडतं. ते बघून "गोळी विरघळतच नाही, अंगाला लागत नाही" म्हणून ती सोडून देणारे आहेत. औषध केव्हाच शरीरात गेलेलं असतं, बाहेर पडतं ते नुसतं टरफल. या प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे, डॉक्टर दुसरी गोळी देऊ शकतात. पण पेशंट ती गुपचूप सोडतो, आणि डॉक्टर रागावतील म्हणून पुढच्या भेटीत सांगतही नाही. डॉक्टरांना दिसतं की बीपी वाढलाय. ते आणखी एक गोळी वाढवतात. बंद पडलेल्या गोळीवर नवी गोळी, असं हे वाढत जातं आणि मधल्या मध्ये किडनी, डोळे, हृदय झिजत राहतात. "पहिल्या गोळीनं काही त्रास होतोय का? रोज घेताय ना?" एवढं विचारायला काउंटरवर अर्धा मिनिट पुरतो.

२०१९ चा ऑगस्ट कोल्हापूरकर विसरणार नाहीत. पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं, हायवे बंद पडला, चिखली-आंबेवाडीची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढली. फाइल, चिठ्ठी, गोळ्यांचा डबा सगळं घरातच राहिलं. तेव्हा मेडिकलमध्ये येणारी माणसं काय सांगायची? "ताई, ती पांढरी बारकी गोळी द्या की, निळं पाकीट असतंय बघा." पांढऱ्या गोळ्या किती असतात सांगू? मेटफॉर्मिन पांढरी, अम्लोडिपिन पांढरी, बीपीचीच टेल्मिसार्टन पांढरी. वर्षानुवर्षं रोज घेत असलेल्या गोळीचं नाव माणसाला माहीत नव्हतं, आणि हा त्याचा दोष नव्हता. त्याला ते कुणी कधी शिकवलंच नव्हतं. फोन लागत नाहीत, डॉक्टर स्वतः पाण्यात अडकलेले. ज्यांना गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम सांगता आलं त्यांचं काम पटकन झालं. बाकीच्यांची वेळ आणि भीती दोन्ही वाढली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच.

तेव्हापासून मी प्रत्येकाला गोळीचं मूळ नाव पाठ करायला लावते. कंपनीचं नाव नको, औषधाचं नाव. आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये, शिवाय मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाइलमध्येही. याचा फायदा पुरापुरताच नाही. दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या कंपनीची पण एकच गोळी लिहून दिलेली असते आणि माणूस दोन्ही घेत असतो. मूळ नाव वाचता आलं की हे घरीच लक्षात येतं.

इन्सुलिनचंही असंच. वीज गेली, फ्रिज बंद पडला की लोक इन्सुलिनची बाटली बर्फात खुपसतात. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, ते पुन्हा वापरायचं नाही. त्यापेक्षा बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गार माठात ठेवा. आणि सिरिंज! आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा ४० युनिटचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असं असतं, पण १०० युनिटचंही मिळतं. दोघांच्या सिरिंज वेगळ्या. ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये त्याच रेघेपर्यंत भरलं तर अडीचपट डोस जातो. माणूस बेशुद्ध पडू शकतो. सिरिंज विकताना बाटली कुठली आहे हे न विचारणारा दुकानदार मला माफ करता येत नाही.

आता नवरात्र. अंबाबाईचे नऊ दिवस कडक उपवास धरणाऱ्या बायका माझ्या गिऱ्हाइकांत भरपूर आहेत. त्यांच्या श्रद्धेला मी कधी नावं ठेवत नाही, ठेवणारही नाही. पण ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी घेऊन दिवसभर पोटात काही नसेल तर साखर धाडकन खाली येते. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. बाकीच्यांना वाटतं, देवीच्या रांगेत उभं राहून चक्कर आली. साखर ७० च्या खाली असेल, किंवा मशीन जवळ नसताना ही लक्षणं दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बघायचं, आणि बरं वाटल्यावर काहीतरी खायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. आणि घटस्थापनेच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्यायचं की उपवासात गोळीचं काय करायचं. हे सांगायला फार्मासिस्टइतकी योग्य जागा दुसरी कुणाची? नवरात्राच्या आदल्या आठवड्यात महिन्याची गोळी न्यायला ती मावशी माझ्याच समोर उभी असते.

गुळाचंही बोलते, राग आला तरी. गूळ आपल्या जिल्ह्याची शान आहे, मान्य. पण "साखर बंद, गूळ चालतो" हे खोटं आहे. गुळात मुख्यतः साखरच असते आणि रक्तातली शुगर तो तशीच वाढवतो.

कुणी म्हणेल, फार्मासिस्टनं एवढं बोलून खरंच फरक पडतो का? लॉस एंजेलिसमध्ये एक प्रयोग झाला, २०१८ साली तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. कृष्णवर्णीय पुरुष दवाखान्यात फारसे जात नाहीत, पण केस कापायला नियमित जातात. म्हणून ५२ सलूनमध्ये बीपी जास्त असलेले ३१९ पुरुष निवडले. काही सलूनमध्ये फार्मासिस्ट येऊन बसायचे, बीपी मोजायचे, डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार औषध ठरवायचे. बाकीच्या सलूनमध्ये न्हावीच समजावायचे आणि डॉक्टरांकडे पाठवायचे. सहा महिन्यांत फार्मासिस्टवाल्या गटाचा वरचा बीपी सरासरी २७ नं उतरला, दुसऱ्या गटाचा ९ नं. औषध ठरवायचा अधिकार आपल्याकडं फार्मासिस्टला नाही आणि मी तो मागतही नाही. पण माणूस जिथं आपणहून जातो तिथं जाऊन बसायचं, ही गोष्ट आपण उचलू शकतो. कोल्हापुरात अशी जागा शोधायला लांब जायला नको. पेठापेठांत तालमी, म्हणजे गल्लीतली मंडळं आहेत. संध्याकाळी कट्ट्यावर चाळिशी-पन्नाशीची सगळी मंडळी जमतात, फुटबॉलवर तासन् तास बोलतात. तिथं एक बीपीचं मशीन आणि एक फार्मासिस्ट असायला काय हरकत आहे? फक्त मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, अर्धा तास चहा आणि तंबाखू नाही, आणि मोजताना गप्पा नाहीत. पेठेतल्या माणसाला शेवटची अट सगळ्यात जड जाईल.

आणि मी काही जगावेगळं मागत नाहीये. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, म्हणजे फार्मासिस्टनं काम कसं करायचं याचे नियम, २०१५ पासून लागू आहेत. औषध कशासाठी, किती, कसं घ्यायचं, काय त्रास होऊ शकतो, कसं ठेवायचं, डोस चुकला तर काय, हे पेशंटला सांगणं त्यात फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. तरीही कितीतरी ठिकाणी सर्टिफिकेट एकाचं भिंतीवर आणि काउंटरवर दहावी शिकलेला पोरगा. त्या पोराचा काय दोष? दोष सर्टिफिकेट भाड्यानं देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. माझ्याच व्यवसायातली ही गोष्ट आहे आणि तिची मला मनापासून चीड येते.

दुकानदार बंधू म्हणतील, बोलत बसलो तर धंदा कधी करायचा? प्रश्न खरा आहे. संध्याकाळी सहा ते नऊ मलाही मान वर करायला फुरसत नसते. पण दुपारी दोन ते चार आपण काय करतो? तो वेळ शुगर-बीपीवाल्यांसाठी ठेवा, तशी पाटी लावा. समजावलेला पेशंट दुकान बदलत नाही, हा माझा अनुभव आहे. डॉक्टरांना वाटेल, फार्मासिस्ट आमच्या कामात लुडबुड करतात. उलट, तुमची लिहिलेली गोळी पेशंटच्या पोटात जावी एवढ्यासाठीच आमची धडपड. काही शंका आली तर आम्ही तुम्हालाच फोन करणार.

वाचणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी मेडिकलमध्ये जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या. शुगरच्या, बीपीच्या, गुडघ्याच्या, आयुर्वेदिक, शेजारणीनं दिलेली, सगळ्या. "फार्मासिस्ट कोण आहे?" असं विचारा आणि पिशवी त्यांच्यापुढं ठेवा. गुडघ्यासाठी रोज दुखण्याची गोळी घेत असाल तर ती आवर्जून दाखवा, कारण त्यातल्या बऱ्याचशा बीपी वाढवतात आणि बीपीच्या काही गोळ्यांसोबत किडनीवर ताण आणतात. आपल्या तालमीत असं काही सुरू करायचं असेल तर खाली कमेंटमध्ये तालमीचं नाव लिहा. मशीन घेऊन मी येते, येताना ओळखीच्या दोन-चार फार्मासिस्टनाही आणते. नवरात्राच्या आधी सुरुवात झाली तर फार बरं होईल.