पाईप खरंच फुटला होता, आणि दामिनी अ‍ॅप काढू नका

आमच्या तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर तीन लाल दिवे, खाली ‘शेतकरी बांधवांनो सावधान’. ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी सार सांगते. अमेरिकेत सूर्याचे फोटो जिथे साठवतात ते संगणक केंद्र ‘पाईप फुटला’ असं सांगून बंद ठेवलं होतं, खरं कारण होतं महाभयंकर सौर वादळ, म्हणजे सूर्यातून सुटलेल्या कणांचा मारा. अर्धा सूर्य काळा झालेला फोटो हा त्याचा पुरावा. मेंटेनन्स नेहमी रात्रीच का काढतात, विचार करा. पुण्याचा हवामानाचा महासंगणकही अधूनमधून त्याचसाठी बंद करतात, म्हणून अंदाज बोगस. आणि वीज पडण्याचा इशारा देणारं सरकारचं दामिनी अ‍ॅप मोबाईलवर आभाळातली वीज ओढून घेतं, ते आजच काढून टाका. शेवटी नेहमीचंच: चोवीस तासांत हा मेसेज डिलीट केला जाईल, त्याआधी वीस जणांना पाठवा.

असले मेसेज मी एरवी वाचून सोडून देते. हा सोडला नाही, कारण आमच्या मोठ्या बाबांनी तो शब्दशः पाळला. दामिनी काढलं ते काढलंच, वर निंदायला येणाऱ्या बायांनाही सांगितलं की उद्यापासून मोबाईल घरीच ठेवून या. मी फोनवर भांडले तर म्हणाले, “तारखेसकट लेखी आलं हाये बाप्पा, खोटं कसं राहीन?” मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, पण घरच्या माणसापुढे त्याची किंमत किती असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हे लेखीच देते.

तारीख खरी आहे, तिथून सुरुवात करू. २६ नोव्हेंबर २०२४ ला कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात गार पाण्याचा चार इंची पाईप फुटला आणि सर्व्हरच्या खोलीत पाणी शिरलं. नासाचा सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी नावाचा उपग्रह २०१० पासून सूर्यावर नजर ठेवून आहे. त्याच्या दोन मुख्य उपकरणांची माहिती या केंद्रात येते, तिथे तिची चित्रं तयार होतात आणि जगाला मिळतात. ते काम ठप्प झालं, आणि मोठं नुकसान झालं. हे सगळं मला कुठल्या गुप्त सूत्राने कळवलेलं नाही. त्या लोकांनी स्वतःच जाहीर केलं होतं: काय फुटलं, कोणत्या उपकरणांची माहिती अडली, दुरुस्तीला वेळ लागेल. मेसेज लिहिणाऱ्याने पाईपची गोष्ट तिथूनच उचलली, आणि ज्यांनी ती सांगितली त्यांनाच लपवणारे ठरवून मोकळा झाला. ज्याला काही झाकायचं असतं तो पाईपचं माप देत बसत नाही.

आता संगणकाच्या खोलीत पाण्याचा पाईप हवाच कशाला, असं एकाने ग्रुपवर विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. हा उपग्रह दिवसाला साधारण दीड टेराबाइट, म्हणजे दीड हजार जीबी, माहिती पाठवतो. ती चाळणारे, जुळवणारे, साठवणारे संगणक अहोरात्र चालतात आणि भयंकर तापतात. पंख्याने किंवा साध्या एसीने ते भागत नाही, गार पाणी नळांतून खेळवावं लागतं. म्हणजे पाणी आणि वीज एकाच छताखाली, शेजारी शेजारी. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी हेलीन चक्रीवादळाने अमेरिकेतल्या अ‍ॅशव्हिल गावाची दैना केली. जगभरच्या हवामानाच्या नोंदी जपणारं केंद्र त्याच गावात आहे. तेही बंद पडलं, आणि वीज आल्यावरही गावचं पाणी तुटल्यामुळे यंत्रं गार ठेवण्याचा प्रश्न उरलाच. तिथल्या नोंदी मात्र शाबूत राहिल्या.

पाईप फुटला तेव्हा उपग्रह बंद नव्हता, हे तर मेसेजवाल्याच्या गावीही नाही. तो वर फिरत होता, फोटो काढत होता, न्यू मेक्सिकोतल्या अँटेनाकडे माहिती उतरत होती. अडलं होतं ते खालचं काम. आणि सूर्याकडे बघणारा तो एकटाच आहे का? सोहो नावाचं यान १९९५ पासून बघतंय. आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून आपल्या जागी आहे. त्यावरची सूर्याचे अतिनील फोटो काढणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत घडली आहे. जमिनीवरून सूर्याची कंपनं टिपणारी सहा केंद्रांची जागतिक साखळी आहे, त्यातलं एक राजस्थानात उदयपूरला आहे. एवढ्या सगळ्यांना गप्प करायला किती पाईप फोडावे लागतील?

शिवाय खरं मोठं सौर वादळ येतं तेव्हा कोणी तोंड लपवत नाही, उलट बोंब होते. मे २०२४ मध्ये वीस वर्षांतलं सर्वांत जोरदार वादळ आलं. त्याचा इशारा आधीच दिला होता. लडाखमध्ये हानले इथल्या वेधशाळेतून लाल ध्रुवीय प्रकाश दिसला, त्याचे फोटो पेपरात आले. अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर अडले, तेही तिथल्या शेतकऱ्यांनी जाहीर सांगितलं. आपल्या बैलजोडीला जीपीएस लागत नाही, हा आपला फायदा. आणि आकाशातली गोष्ट लपत नाही हे आपल्याला कोणी दुसऱ्याने शिकवायला नको. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भभर लोकांनी जळत जाणारे गोळे पाहिले, सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं येऊन पडलं. तेव्हाही क्षेपणास्त्रापासून उडत्या तबकडीपर्यंत सगळं फॉरवर्ड झालं. कुठे कुठे बसलेल्या जाणकारांनी कक्षेचा हिशेब मांडून काही तासांत सांगितलं होतं की हा चिनी रॉकेटचा टप्पा असावा.

अर्ध्या काळ्या सूर्याबद्दल दोनच ओळी. हा उपग्रह पृथ्वीभोवती फिरतो, त्यामुळे वर्षातून दोनदा, सुमारे तीन-तीन आठवडे, रोज थोडा वेळ पृथ्वीच त्याच्या आणि सूर्याच्या मध्ये येते, जास्तीत जास्त ७२ मिनिटं. तो काळा गोळा म्हणजे आपण आहोत. वेळापत्रक आधीच ठरलेलं असतं.

मेंटेनन्स रात्रीच का? कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. ते लोक चहा पिऊन दिवसाढवळ्या कामाला लागतात आणि आपण इकडे पांघरुणात कट शोधतो. आणि मेंटेनन्स म्हणजे काय हे तरी आपल्याला सांगावं लागू नये. डीपीवर वायरमन चढतो तेव्हा लाईन बंद करूनच चढतो, त्याला कोणी विचारत नाही की तारेत काय लपवलंस.

इथे एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. ‘मेंटेनन्सच्या नावाखाली डेटा गायब होतो’ हे वाक्य शंभर टक्के खोटं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपची एक सुधारित स्क्रिप्ट चालवली, तिच्यात चूक होती, आणि तिने ७७ टेराबाइट माहिती पुसून टाकली. जवळपास ३ कोटी ४० लाख फायली, १४ संशोधन गटांचं काम. त्यातलं काही कायमचं गेलं. म्हणजे देखभाल करणारेच कधीकधी घोळ घालतात. पण ते कसं कळलं? विद्यापीठाने आकड्यांसकट जाहीर केलं म्हणून. निष्काळजीपणा होता, त्यांना शिव्या द्या. कट मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

इथवरचं वाचून कोणाचं काही बिघडलं नसतं. सूर्य लपवला असं मानणारा माणूसही सकाळी उठून वावरात जातो. खरा राग येतो तो दामिनीच्या मुद्द्यावर, कारण त्याने माणूस मरू शकतो.

दामिनी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने केलेलं आहे. वीज चमकली की तिच्यातून रेडिओ लहरी निघतात, एएम रेडिओवर खरखर येते ती हीच. देशभर बसवलेले सेन्सर त्या लहरी पकडतात. कोणत्या ठिकाणी लहर किती आधी पोचली यावरून वीज कुठे झाली ते काढतात, आणि तुमच्यापासून २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यात हालचाल असेल तर फोनवर इशारा येतो. तुमचा फोन यात काहीच शोधत नाही, काहीच ओढत नाही. तो फक्त निरोप घेतो, जसा हा मेसेज घेतला तसाच. दामिनीचा निरोप वीज ओढत असेल तर व्हॉट्सअ‍ॅपचा सुप्रभातही ओढेल.

ढगातून निघालेली वीज टप्प्याटप्प्याने खाली उतरते. जमिनीच्या अगदी जवळ आली की खालच्या उंच वस्तूंतून तिला भेटायला ठिणगी वर उठते, जिची ठिणगी आधी भिडली तिच्यावर वीज पडते. हिशेब उंचीचा आणि एकटेपणाचा आहे. मोकळ्या वावरात उभा माणूस, धुऱ्यावरचा एकटा कडुनिंब, मोहाचं झाड. खिशातल्या बोटभर जाडीच्या फोनने त्यात काडीचा फरक पडत नाही. ‘अमक्याच्या खिशात मोबाईल जळलेला सापडला’ म्हणतात. सापडणारच, आज कोणाच्या खिशात मोबाईल नाही? मोबाईल नव्हते तेव्हाही आपल्याकडे झाडाखाली बसलेली माणसं आणि गुरं एकदम गेलेली आहेत. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते. गुरांचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे दोन पायांत विजेचा दाब जास्त येतो आणि ती आधी मरतात.

फोनबद्दल जपायचं असेल तर एवढंच जपा: विजा सुरू असताना तो चार्जिंगला लावून बोलू नका. धोका फोनचा नाही, भिंतीतून आलेल्या वायरीचा आहे. मोटारपंपाच्या स्टार्टरला आणि काटेरी तारेच्या कुंपणाला हात लावू नका, त्याचं कारणही तेच.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली. पूर, उष्माघात, थंडी, दरडी सगळं धरून नैसर्गिक आपत्तीचे बळी होते ८,०६०, म्हणजे तीनातला एकाहून जास्त विजेचा. ही माणसं बहुतेक करून उघड्यावर काम करणारी असतात. आमच्या मोठ्या बाबांच्या वावरात निंदणाऱ्या बायांपैकी एकीच्या ओटीत तरी फोन असेल तर इशारा येऊन गावाकडे निघायला वेळ मिळतो. तो फोन घरच्या फळीवर ठेवायला सांगणाऱ्या मेसेजला मी मूर्खपणा म्हणणार नाही. तो गुन्हा आहे.

आता दामिनीचीही बाजू फार घेत नाही. ते सर्व्हरवर चालतं, सर्व्हर बंद पडू शकतो, आणि आपल्या वावरात रेंज जाते हे तर रोजचंच आहे. पावसाचा जोर वाढला की टॉवरची लाईन जाते आणि नकाशा तिथेच थिजतो. म्हणून नकाशा कोरा दिसला तर आभाळ कोरं आहे असं समजू नका. यंत्र बंद असण्यावरून फक्त यंत्राची हालहवाल कळते, वरची नाही. मेसेजवाल्याने सूर्याच्या बाबतीत नेमकी हीच गल्लत केली आहे.

रेंज नसेल तर कान आहेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे: डवरा सोडा, छत्री मिटा, पक्क्या घरात जा. चार खांबांवर टिन टाकलेला उघडा कोठा पक्कं घर धरू नका. बंद काचांची चारचाकी चालेल, मोटारसायकल आणि बंडी नाही. काहीच जवळ नसेल तर झाडापासून दूर, पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका, घोळका करू नका. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबा. यातलं काहीच बंद पडण्यासारखं नाही.

राहता राहिला पुण्याचा महासंगणक. हवामानासाठी एक पुण्यात आहे, अर्का, आणि एक नोएडात, अरुणिका. दोन्ही सप्टेंबर २०२४ मध्ये देशाला अर्पण झाले. एवढी यंत्रं देखभालीविना चालत नाहीत. अंदाज चुकतात हे मान्य, आर्णीला सांगितलेला पाऊस शेजारच्या दिग्रसला पडतो तेव्हा मलाही संताप येतो. तो विज्ञानाचा कच्चेपणा आहे, बंद दाराआडचा बनाव नाही. उपग्रहाचं चित्र ‘जुनंच दाखवतात’ म्हणून ओरडण्याआधी त्यावर छापलेली वेळ वाचा. बरेचदा ती जागतिक प्रमाणवेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात.

आणि चोवीस तासांत डिलीट होणारा तो मेसेज? आठवडा उलटून गेला, आमच्या गावच्या ग्रुपवर तो अजून तसाच आहे, खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग वाढतेच आहे.