दप्तराचा नियम कसा करावा

मुख्याध्यापकपदाचा आदेश हातात पडला, हार-नारळ झाले, आता पहिल्याच आठवड्यात काहीतरी करून दाखवायला हवं. गळके पत्रे बदलायचे तर पैसे लागतात. स्वच्छतागृहाला कडी बसवायची तर संस्थेची बैठक लागते. दप्तराचा नियम करायला मात्र एक सूचनावही आणि ती वर्गोवर्गी फिरवणारे शिपाईमामा, एवढंच पुरतं. तेव्हा तिथूनच सुरुवात करा.

पहिली सूचना अशी काढा : प्रयोगशाळा, संगणक कक्ष आणि पीटीच्या तासाला जाताना कोणीही पाठीवर दप्तर नेऊ नये. कारण कोणी विचारलंच तर ‘जिन्यात गर्दी होते’ म्हणा. ते खरंही आहे. जिना बांधणाऱ्याने पोरांची रुंदी धरली होती, दप्तराची धरली नव्हती.

थोड्याच दिवसांत रिकाम्या वर्गातून कुणाचा तरी नवा कंपास जाईल. पालक येतील. त्यांना बसवा, पाणी द्या आणि ते जिना उतरायच्या आत दुसरी सूचना काढा : वर्गात दप्तर ठेवून बाहेर जाऊ नये, वस्तू हरवल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. पहिली सूचना रद्द करायची नाही, हे विसरू नका. दोन्ही एकाच फलकावर, शेजारी शेजारी, एकाच सहीने लावा. आता पोरांना दप्तर नेता येत नाही आणि ठेवताही येत नाही. ती जे काही करतील तो शिस्तभंगच, आणि शिस्त समितीच्या वर्षभराच्या कामाची सोय झाली.

पोरं यातूनही वाट काढतील. दर तासाला एकाला मागे ठेवून जातील, दप्तरं राखायला. याला मुळीच हरकत घेऊ नका, उलट हजेरी क्रमांकाने पाळ्या लावून द्या. म्हणजे एकाच हुशार पोराचं रसायनशास्त्र कच्चं राहायला नको, सगळ्यांचं थोडं थोडं राहील. वर्गप्रतिनिधीची पाळी पुन्हा पुन्हा येत असेल तर तो नेतृत्वगुण समजावा.

आता वजनाकडे वळू. इथे सरकार आधीच पोहोचलेलं आहे, त्यामुळे जपून. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको, असं राज्याने 2015 सालीच सांगितलं. केंद्राच्या 2020च्या दप्तर धोरणात तर इयत्तावार आकडे आहेत : पहिली-दुसरीला फार तर 2.2 किलो, तिसरी ते पाचवीला 2.5, सहावी-सातवीला 3. शाळेत पिण्याचं चांगलं पाणी असावं, म्हणजे बाटली आणावी लागणार नाही, असंही त्यात सुचवलं आहे. पाण्याचं तुम्ही मनावर घेऊ नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे विज्ञानाच्या तासाला शिकवा आणि भरलेली बाटली न आणणाऱ्याला त्याच तासाला उभं करा.

वजनकाटा मात्र हवा. विस्तार अधिकारी येणार असल्याचं आदल्या संध्याकाळी कळतं (कसं कळतं ते विचारू नये), तेव्हा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहा : ‘उद्या दप्तर हलके पाठवणे.’ इतकं करूनही काही आया सवयीने सगळं भरून पाठवतात. म्हणून काट्यावर ठेवायला दप्तरं हेरून ठेवा. जो पोरगा कधीच पुस्तक आणत नाही आणि त्यापायी वर्षभर दाराबाहेर उभा असतो, त्याचं दप्तर पहिलं ठेवा. त्या एका दिवसापुरता तो शाळेचा आदर्श विद्यार्थी.

पाठ्यपुस्तकातच कोरी पानं घालून वह्या वाचवायचा प्रयोग राज्यात 2023-24 पासून झाला आणि जानेवारी 2025 मध्ये गुंडाळलाही गेला. त्याचं खापर उगाच सरकारवर फोडतात. ‘पुस्तकात काही लिहायचं नाही’ असं पोरांना बजावून, वर दोनशे पानी वही आणायला लावणारे आपणच होतो. शिवाय वह्या शाळेच्या नावाच्या, शाळेतूनच घ्यायच्या असतील तर त्यांचं वजन वेगळ्या काट्यावर करावं.

साताऱ्यातल्या पालकांची तक्रार जरा निराळी असते. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चढणारं पोर, वर जुलैचा पाऊस, दप्तरावरून चढवलेला रेनकोट आणि त्या कुबडासकट एसटी स्टँडवर परतीची धडपड. इथे ‘शाळेच्या फाटकाबाहेरची जबाबदारी आमची नाही’ असं म्हणा. खेड्यावरच्या पोरांना दप्तर हवंच असतं, खिडकीतून आत टाकून जागा धरायला दुसरं आहे काय त्यांच्याकडे?

तरीही कोणी हटून बसलं तर कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घ्या. साताऱ्यात एवढ्यावर सहसा भागतं. ‘कमवा आणि शिका’मधल्या पोरांनी घाम गाळून शिक्षण घेतलं आणि तुमच्या बाळाला चार पुस्तकं जड? पण कर्मवीरांनी 1924 साली इथे वसतिगृह काढलं ते गरिबाच्या पोराचं ओझं उतरवायला, असं कोणी म्हणालं, तर विषय बदला आणि चहा मागवा.

शाळेतच दप्तरं ठेवायला कप्प्यांची मागणी येईल. ‘विचाराधीन आहे’ म्हणा. बोलताना शिक्षक खोलीचं दार लोटून घ्यावं, तिथली कुलूपबंद कपाटं उगाच दिसतात.

सहावी ते आठवीला वर्षात दहा दिवस दप्तराविना भरवावेत, असंही केंद्राचं ते दप्तर धोरण सांगतं. शनिवारी भरवा. त्या दिवशी चित्रकलेची वही, रंगपेटी, प्रकल्पाची फाइल, डबा, बाटली आणि सोमवारच्या चाचणीसाठी गणिताचं पुस्तक कापडी पिशवीतून आणायला सांगा. पिशवीला दप्तर म्हणत नाहीत.

राहता राहिली ती सातवी ‘ब’मधली मुलगी. दोन्ही सूचना मोठ्याने वाचून ‘मग सर, दप्तर ठेवायचं कुठं?’ असं भर परिपाठात विचारणारी. तिला रागावू नका. आवाज चांगला आहे, वक्तृत्व स्पर्धेला पाठवा. विषय : ‘दप्तराचे ओझे, एक गंभीर समस्या’. स्पर्धेला जाताना दप्तर बरोबर ने म्हणावं, मागे काही हरवलं तर शाळा जबाबदार नाही.